नव्या घरात सेंट्रल व्हॅक्यूम घ्यावा का? ड्रायवॉल लागायला तीन आठवडे उरलेत

ऋतुजा_कॅल्गरी

नमस्कार मंडळी. कॅल्गरीत आमचं घर बांधून होत आलंय. दोन मजले मिळून २,३०० चौरस फूट, शिवाय खाली बेसमेंट. लाकडी सांगाडा उभा आहे, नळ आणि वायरी टाकणं चालू आहे, तीन आठवड्यांत ड्रायवॉल, म्हणजे सांगाड्यावर ठोकायचे जिप्समचे बोर्ड, लागेल. बिल्डरने विचारलंय, सेंट्रल व्हॅक्यूम हवा का? नुसते पाइप टाकून भिंतीत तोंडं काढून ठेवायचे ६५० डॉलर. यंत्र, नळी, ब्रश सगळं धरून २,४००. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोटर आणि केराची बादली गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली असते. तिथून भिंतींच्या आतून पाइप घरभर फिरतात. प्रत्येक मजल्यावर एक-दोन ठिकाणी भिंतीत झाकणाचं तोंड असतं. झाकण उघडून तीस फुटी नळी खुपसायची की तिकडे मोटर सुरू होते आणि केर थेट गॅरेजमध्ये जातो.

आता माझी अडचण. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला धुळीची ॲलर्जी. सध्याच्या भाड्याच्या घरात मी व्हॅक्यूम फिरवला की पुढचा तासभर तो शिंकतो. यंत्राच्या मागून जी गरम हवा येते तिला कुबट वास असतो, तो मलाही सहन होत नाही. दुसरं म्हणजे इथे हिवाळ्यात गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यावर बारीक खडी टाकतात. ती बुटांना चिकटून घरात येते, वसंत येईपर्यंत दाराशी रोज मूठभर तरी सापडतेच. आणि तिसरं, सासूबाई दर वर्षी सहा महिने आमच्याकडे असतात. दिवसातून दोनदा केर काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि इथल्या कार्पेटवर कुंचा चालत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

नवरा म्हणतो घ्यायचाच, भिंती पुन्हा उघड्या मिळणार नाहीत. माझं ठरत नाहीये. वापरणाऱ्यांनी लिहा, आणि घेऊन सोडून दिलेल्यांनी तर जरूर लिहा.

---

मंदार_मिसिसागा

डोळे मिटून घ्या. अकरा वर्षं वापरतोय, एकदाही पश्चात्ताप नाही. धाकटी तान्ही होती तेव्हा ती शेजारच्या खोलीत झोपलेली असायची आणि मी जिन्याची कार्पेट साफ करायचो. खोलीत फक्त हवा ओढल्याचा आवाज येतो, मोटर दोन भिंतींपलीकडे. बादली वर्षातून तीनदा रिकामी करतो. आणि तो कुबट वास तर विसराच, कारण हवा घरात परत येतच नाही, बाहेर जाते. आमच्या मोठीची ॲलर्जी यानेच गेली.

---

शुभदा_एडिसन

मी दुसऱ्या गोटातली. २०१५ साली न्यू जर्सीत घर घेतलं त्यात हा आधीपासून बसवलेला होता. मी हरखून गेले होते. पहिले चार महिने वापरला. मग काय झालं सांगते. नळी जिन्याखालच्या कपाटात, गुंडाळून ठेवली तरी अर्धं कपाट व्यापते. ती काढायची, खांद्यावर घेऊन वर न्यायची, तोंडात खुपसायची, एक खोली झाली की दुसरीकडे ओढायची. ओढताना ती भिंतीच्या कोपऱ्याला घासते आणि रंगावर काळा पट्टा उठतो. मग परत गुंडाळायची. जेवणाच्या टेबलाखाली पोह्यांचे चार दाणे सांडले तर हे सगळं कोण करणार? बिनवायरचा उभा व्हॅक्यूम आणला, भिंतीला लटकवलाय. हात वर केला की मिळतो. सेंट्रलवाला तीन वर्षांत सुरू केलेला नाही.

यंत्र चांगलं आहे हो. ओढ जबरदस्त आहे. पण घरातलं काम कसं होतं ते बघून ठरव, ऋतुजा. आपण आठवड्यातून एकदा दोन तास साफसफाई करणारे की दिवसातून दहा वेळा दोन मिनिटं करणारे?

---

कपिल_न

रोबो घ्या ना. ६५० डॉलरमध्ये चांगला येतो. आमचा रोज सकाळी १० ला निघतो, संध्याकाळी घर लख्ख.

---

मंदार_मिसिसागा

@कपिल, रोबो जिना चढेल का? आणि ती कॅल्गरीची खडी? आमच्याकडे दोन्ही आहेत. रोबो रोजचा, सेंट्रल शनिवारचा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

@शुभदा, नळीला कापडी मोजा मिळतो, पूर्ण लांबीचा. तो चढवला की भिंतीवर पट्टे पडत नाहीत. आम्ही पहिल्याच वर्षी घेतला.

---

शुभदा_एडिसन

मोज्याचं माहीत नव्हतं, बघते. वजन मात्र मोज्याने कमी होत नाही :)

---

पाइपकाका

ऋतुजाताई, मी ओंटारिओत वीस वर्षं हेच काम केलं. घरांत हवेचे डक्ट टाकायचे आणि सोबत सेंट्रल व्हॅक्यूमचे पाइप. आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नात दोन निर्णय आहेत आणि ते वेगळे काढा. पाइप टाकायचे का, हा या तीन आठवड्यांतला निर्णय. यंत्र घ्यायचं का, हा पाच वर्षांनी घेतला तरी चालतो. गॅरेजमध्ये यंत्र टांगायला मला तासभर लागायचा. बंद भिंतीतून पाइप नेताना कपाटाच्या कोपऱ्यातून, बेसमेंटच्या छतातून वाट शोधावी लागते, आणि तरी तोंड हवं त्या जागी येतंच असं नाही.

म्हणून पाइप टाका. पण नीट टाकून घ्या, कारण यातली चूक ड्रायवॉलच्या मागे जाते आणि तिथेच राहते. मी पाहिलेल्या गोष्टी सांगतो.

पाइप या कामाचाच हवा. बाहेरून दोन इंच, पातळ भिंतीचा, आतून आरशासारखा गुळगुळीत. सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप दिसायला भाऊ वाटतो, पण त्याची वळणं आणि सांधे वेगळे. त्या सांध्यांच्या कडेवर एक केस अडकतो, त्याला दुसरा धरतो, आणि वर्षभरात तिथे उंदराएवढा गोळा होतो.

सांधे चिकटवायचं सोल्यूशन लावताना ते पाइपच्या बाहेरच्या अंगालाच लावायचं, सांध्याच्या आत कधीच नाही. आत लावलं की पाइप घुसवताना ते पुढे ढकललं जातं आणि आतल्या बाजूला गोल कडा होऊन सुकतं. मी एकदा असा सांधा कापून काढला होता. कडेवर मांजराचे केस, कापसाचे धागे आणि त्यात एक दात कोरायची काडी आडवी. सगळी कुंडली एका जागी. पाइप कापल्यावर आतला कीसही सुरीने तासून काढायचा असतो. घाईतली पोरं ते करत नाहीत. तुम्ही साइटवर गेलात तर एक-दोन मोकळ्या टोकांत बोट घालून बघा. खरखरीत लागलं तर बोला.

जिथे पाइप लाकडी खांबातून जातो तिथे खांबाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्टी ठोकलेली हवी. नाहीतर ड्रायवॉलवाल्याचा स्क्रू थेट पाइपमध्ये घुसतो. हवा फार गळत नाही, म्हणून कोणाला कळत नाही, पण स्क्रूचं टोक आत केस धरून बसतं.

वळणं सगळी लांबट, सावकाश वळणारी हवीत. फक्त भिंतीतल्या तोंडामागचं पहिलं वळण मुद्दाम आखूड ठेवतात. जे मोठं आहे ते तिथेच, हाताला लागेल असं अडकावं म्हणून. हे उलटं झालेलं मी पाहिलंय. मग पेन पहिल्या वळणातून सुटतं आणि बेसमेंटच्या छतात जाऊन अडकतं.

पाइपबरोबर दोन तारांची बारीक वायर जाते, २४ व्होल्टची, तिनेच मोटर सुरू होते. आणि तुमच्याकडे कार्पेट आहे म्हणजे नळीच्या टोकाला फिरता ब्रश लागणार, त्याला वेगळी वीज लागते. ती भिंतीतल्या प्लगमधून नळीच्या शेपटीसारख्या वायरने येते. म्हणून भिंतीतलं प्रत्येक तोंड विजेच्या प्लगजवळ हवं, सहा फुटांच्या आत. हे आताच इलेक्ट्रिशियनला सांगा.

आणि हवा बाहेर काढणारा पाइपही आताच. गॅरेजमध्येच हवा सोडतात ते मला पटत नाही. ज्या कारणासाठी तुम्ही हे घेताय ते कारणच गॅरेजमध्ये साठून राहतं. गॅरेज घराला लागून असेल तर मधल्या भिंतीतलं भोक आगीच्या आणि वायूच्या नियमाप्रमाणे बंद केलंय का तेही बघा. गाडीचा धूर तिथून घरात यायला नको.

---

ऋतुजा_कॅल्गरी

काका, किती सविस्तर लिहिलंत! हे सगळं प्रिंट काढून नवऱ्याच्या हातात दिलंय. एक विचारते. भिंतीतच नळी सामावून घेणारा प्रकार बिल्डरने सांगितला, त्याचे ९०० डॉलर जास्त आहेत. शुभदाची नळी ओढण्याची तक्रार त्याने सुटेल का?

---

पाइपकाका

बरीचशी सुटते. नळी पाइपच्या पोटातच राहते. हवी तेवढी बाहेर ओढायची, काम झालं की नळीच्या तोंडावर हात ठेवायचा, यंत्रच तिला आत ओढून घेतं. कपाट मोकळं. पण जेवढी नळी तेवढा पाइप मोकळा लागतो आणि त्यातली वळणं जास्तच मोठी लागतात. साधे पाइप टाकून नंतर हा प्रकार बसवू म्हटलं तर सहसा जमत नाही. म्हणजे हा तिसरा निर्णय, आणि तोही शुक्रवारच्या आतला. वरच्या मजल्यावर एक असं आणि बाकी साधी, असंही करता येतं.

---

अश्विनी_व्ही

कोणी तुंबण्याबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे व्हँकूवरजवळ सात वर्षं आहे. दोनदा तुंबला. पहिल्यांदा मुलाचा पायमोजा. तो पाइपात नव्हताच, नळीत होता. नळीत मोठी गोटी टाकली, ती जिथे थांबली तिथे हाताने चाचपडलं आणि उलट बाजूने झाडूची काठी घातली. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्यांदा चूक माझी. दिवाळीत हॉलमध्ये मोठी रांगोळी काढली होती, चार फुटांची. भाऊबीज झाल्यावर मी ती सगळीच्या सगळी व्हॅक्यूमने ओढून घेतली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, मैद्यासारखी. आमच्या यंत्राला कापडी फिल्टर आहे, त्यावर तिचा लेप बसला आणि दुसऱ्या दिवशी ओढच गेली. फिल्टर बाहेर नेऊन झटकला तेव्हा माझ्या केसांत, भुवयांत गुलाबी रंग. तेव्हापासून रांगोळी आधी पुठ्ठ्याने भरते, उरलेली ओल्या फडक्याने पुसते.

ऋतुजा, घर नवीन आहे म्हणून खास सांगते. ड्रायवॉल घासताना जी पांढरी पूड उडते ती अशीच. ताबा मिळाल्यावर पहिली साफसफाई नव्या यंत्राने करू नकोस. भाड्याने दुकानातला मोठा व्हॅक्यूम आण.

---

पाइपकाका

अश्विनीताईंनी लाखमोलाचं सांगितलं. नव्या घरातली निम्मी यंत्रं मी त्याच पुडीने आजारी पडलेली पाहिली आहेत. आणि दुसरं, कारागीर लोक उघड्या तोंडांत प्लास्टरचे तुकडे, खिळे टाकतात. झाकणं बसेपर्यंत तोंडांना चिकटपट्टी लावून घ्या.

---

ओंकार_इतिहास

थोडं अवांतर. हा प्रकार नवा वाटतो, पण इंजिनवर चालणाऱ्या व्हॅक्यूमची सुरुवातच अशी आहे. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी यंत्र केलं ते घोडागाडीवर होतं. गाडी रस्त्यात उभी राहायची आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. धूळ ओढली जाईल का हे बघायला त्यांनी एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून स्वतः तोंडाने हवा ओढली होती आणि ठसकले होते, असं सांगतात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले. म्हणजे मोटर बाहेर आणि नळी आत, हेच मूळ. घरात ओढत न्यायचं विजेचं यंत्र नंतर आलं.

---

गोदाकाठ

नाशिकला बंगला बांधतोय, पायाचं काम झालंय. हा धागा वाचून डोक्यात किडा शिरला. आपल्याकडे हे जमेल का? रस्त्याकडेला आहोत, समोर अजून दोन बांधकामं चालू आहेत. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं.

---

साइटवरून

@गोदाकाठ, पुण्यात बांधकामं करतो, एका बंगल्यात हे टाकलंय म्हणून सांगतो. तिकडच्या भिंती पोकळ असतात, लाकडी खांब आणि त्यावर पत्रे ठोकावेत तसा ड्रायवॉल. पाइप सरळ आतून जातो. आपली विटांची चार इंची भिंत. त्यात दोन इंची पाइपसाठी झिरी मारली तर भिंत निम्मी कापली जाते, वर प्लास्टरला जाडीच उरत नाही, पुढे तिथे उभा तडा. म्हणून पाइप नऊ इंची भिंतीतून, डक्टमधून, वॉर्डरोबच्या मागून किंवा फॉल्स सीलिंगच्या वरून न्यायचे. स्लॅबमधून जिथे वर जायचंय तिथे स्लॅब ओतायच्या आधी स्लीव्ह, म्हणजे पाइप जाईल एवढी रिकामी नळी, टाकून ठेवा. बीममधून न्यायचं असेल तर आरसीसी डिझायनरने नकाशावर सही केल्याशिवाय नाही. नंतर ड्रिल मारणारे महाभाग भेटतात, त्यांना साइटवर येऊ देऊ नका. यंत्र २३० व्होल्टचंच घ्या, अमेरिकेतून कोणी १२० व्होल्टचं आणून देतो म्हणाला तरी नको.

पण जमेल का आणि लागेल का हे वेगळं. तुमच्या घरात कार्पेट नाही. फरशीवर जी धूळ बसते ती ओल्या फडक्यानेच निघते. ज्या बंगल्यात टाकलं तिथे मावशी आजही आधी कुंचा फिरवतात, मग फरशी पुसतात. व्हॅक्यूम सोफ्याला, गाद्यांना, पडद्यांना आणि खिडक्यांच्या खाचांना वापरतात. त्या खाचांना मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

---

गोदाकाठ

सरळ उत्तराबद्दल आभार. खिडक्यांच्या खाचांचं ऐकून पुन्हा मोह झालाय.

---

तेजश्री_र

मंदार यांच्या एका वाक्याला नम्रपणे हरकत. "ॲलर्जी यानेच गेली" असं वाचून ऋतुजाने अपेक्षा धरू नये. माझ्या मुलीला दमा आहे, आठ वर्षं या वाटेवर आहोत. धुळीची ॲलर्जी म्हणतात ती बहुतेकदा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची, डस्ट माइट्सची. ते गादी, उशी, पांघरूण आणि कार्पेट यांत राहतात. आम्हाला डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती गादी-उशीला घट्ट विणीच्या, चेन असलेल्या खोळी आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात, ५५ ते ६० अंशांत धुणं. तिच्या खोलीतली कार्पेट काढून लाकडी फ्लोअर केलं. रात्रीचा खोकला त्याने कमी झाला.

बाहेर हवा सोडणाऱ्या व्हॅक्यूमचा फायदा आहेच, साफ करताना उडालेली बारीक धूळ घरात परत येत नाही. पण चांगला हेपा फिल्टर असलेला साधा व्हॅक्यूमही हे बरंचसं करतो. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा. तो घेताना नुसता फिल्टर नाही, पूर्ण यंत्र हवाबंद आहे का ते बघायचं. आणि कुठलाही व्हॅक्यूम असो, मुलगा शाळेत असताना फिरव.

ऋतुजा, ६५० डॉलर मुलाच्या खोलीच्या लाकडी फ्लोअरला लागणार असतील तर आधी ते. हे मी कळकळीने सांगतेय.

---

मंदार_मिसिसागा

तेजश्री, तुमचं बरोबर आहे. आम्हीही त्याच वर्षी गाद्या बदलल्या होत्या, ते मी लिहायचं विसरलो. श्रेय सगळं यंत्राला दिलं. वाक्य मागे घेतो.

---

वसुधा_सांगली

मी इथे फारशी लिहीत नाही, वाचते. पण ऋतुजाने सासूबाईंचं लिहिलं म्हणून लिहावंसं वाटलं. मी सांगलीची. मुलगा एडमंटनला असतो, तीनदा जाऊन आले, दर वेळी पाच-सहा महिने.

त्याच्या घरात हे आहे. सूनबाई फार चांगली, मला काही करू देत नाही. पण सकाळी ती दोघं कामावर, नातू शाळेत, बाहेर उणे पंचवीस. घरात मी एकटी. केर काढणं हे काम नसतं हो तेव्हा, आपण या घरातले आहोत हे स्वतःला सांगणं असतं. ती नळी मी पहिल्या आठवड्यात एकदा काढली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जिन्यावरून खाली आणताना ती पायात आली आणि मी तीन पायऱ्या बसत बसत उतरले. लागलं नाही. पण मुलाला सांगितलं नाही आणि पुन्हा तिला हात लावला नाही. वर थंडीत हवा इतकी कोरडी की तिच्या दांड्याला हात लावला की चटका बसायचा, ठिणगीच.

मग सूनबाईने दाखवलं. स्वयंपाकघरात ओट्याच्या खाली, पाय लागतो त्या पट्टीत, एक आडवी फट आहे. पायाच्या अंगठ्याने कळ सरकवली की ती ओढायला लागते. कुंच्याने केर तिथवर आणायचा की गडप. सुपली नको, वाकायला नको. मी सांगलीहून नेलेला कुंचा होताच. त्या दिवसापासून सकाळचा आणि संध्याकाळचा केर माझा. मोहरी, कोथिंबिरीच्या काड्या, नातवाच्या वहीचे कपटे सगळं तिथे. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो ना, तर नातू म्हणाला आजी, या फटीलाही कुंकू लाव. लावलं.

ऋतुजा, तू घेशील किंवा न घेशील, ती तुझी सोय. पण घेतलास तर सासूबाईंना आधी विचार की स्वयंपाकघरात त्या कुठे उभ्या राहतात.

---

शुभदा_एडिसन

वसुधाताई, डोळ्यांत पाणी आलं. आमच्या ओट्याखालीही तशी फट आहे. मी ती हवेची जाळी समजत होते. आत्ता जाऊन पायाने सरकवून बघितली, चालते!

---

कपिल_न

मीही वाचत बसलो. रोबो अजूनही चांगला असं म्हणतो, पण ओट्याखालची फट मला घरी हवी आहे.

---

ऋतुजा_कॅल्गरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी साइटवर गेलो होतो, काय केलं ते सांगते.

हार्डवेअरच्या दुकानातून तीस फूट सुतळी नेली. नकाशात बिल्डरने वर एक, खाली एक आणि बेसमेंटमध्ये एक तोंड दाखवलं होतं. नवऱ्याने सुतळीचं एक टोक वरच्या तोंडाच्या जागी धरलं आणि मी दुसरं घेऊन खोल्यांत गेले. नुसतं सरळ नाही, पलंग जिथे येणार तिथून वळसा घालून. मुलाच्या खोलीच्या खिडकीपाशी सुतळी चार फूट कमी पडली. नकाशावर सगळं पोहोचत होतं, कारण नकाशात पलंग आणि दारं नव्हती. तोंड पॅसेजमध्ये सहा फूट सरकवलं, आता पोहोचतं. तिथे प्लगही आहे. खालच्या तोंडाची जागा मुख्य दाराजवळ घेतली, खडीसाठी. काकांनी सांगितलं तसं मोकळ्या टोकांत बोट घातलं नाही, कारण पाइप अजून आलेच नाहीत, पण सोल्यूशनचं आणि लोखंडी पट्ट्यांचं लिहून बिल्डरला मेल केला.

नळी आत घेणारा प्रकार घेत नाही, ९०० डॉलर परवडत नाहीत. यंत्रही आत्ता नाही. पाइप, हवा बाहेर काढायचा पाइप, गॅरेजमध्ये यंत्रापुरतं वेगळं सर्किट आणि ओट्याखालची फट, एवढंच. यंत्राचे वाचलेले पैसे मुलाच्या खोलीत लाकडी फ्लोअरला. तेजश्री, खोळींची ऑर्डर रात्रीच दिली.

वसुधाताई, सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि ओट्याचा नकाशा दाखवला. मी फट सिंकखाली धरली होती. त्या म्हणाल्या, "सिंकपाशी पाणी सांडतं, केर ओला होईल. मी शेगडीच्या डाव्या हाताला पोळ्या लाटते, पीठ तिथे पडतं, तिथे दे." फट शेगडीच्या डावीकडे गेली. यंत्र त्यांच्या येण्याआधी, मेमध्ये घ्यायचं असं दोघांचं ठरलंय.

---

पाइपकाका

शेगडीच्या डावीकडे उत्तम. फक्त गॅसची लाइन तिथून जात असेल तर तिच्यापासून दूर ठेवायला सांगा. पीठ थोडंच ओढा, ती पूड अश्विनीताईंच्या रांगोळीची बहीण. आणि पाणी कधीच नाही.

अजून एक काम. पाइप लागल्यावर आणि ड्रायवॉलच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. फोटो काढताना कोपऱ्यापासून पाइपपर्यंत मोजपट्टी धरा, म्हणजे आकडा फोटोत येईल. पुढे तसबिरीसाठी खिळा ठोकताना तोच फोटो उघडायचा. आणि यंत्र नसलं तरी ड्रायवॉलआधी साधा मोठा व्हॅक्यूम गॅरेजच्या टोकाला लावून एकेक तोंड तपासून घ्या. प्रत्येक ठिकाणी कागद चिकटला पाहिजे.

---

ऋतुजा_कॅल्गरी

काढते काका. पुढच्या गुरुवारी पाइप येतायत, मुलाला मोजपट्टी धरायचं काम दिलंय.

---

गोदाकाठ

इकडे आमच्या आरसीसी डिझायनरशी बोललो. जिन्याजवळच्या डक्टमधून एक स्लीव्ह टाकतोय, फक्त एकच, वरच्या पॅसेजमध्ये तोंड येईल इतकं. शनिवारी स्लॅब आहे. आईला विचारलं तर ती म्हणाली, खाचांसाठी असेल तर टाक, फरशीला माझ्या हात लावू नको.